कामिनीचा नंबर

मुकुंदशेठच्या दुकानात कामिनी साडी नेसून दाखवायची, तेव्हा समोरच्या बाईला ती साडी कामिनीच्या अंगावर दिसतच नसे. स्वतःच्या अंगावर दिसे. चाळीस वर्षं मी नाटकांतून कामं केली, शाली-श्रीफळं मिळवली, पण समोरच्याला त्याचंच रूप असं दाखवणं मला फार थोड्या वेळा साधलं.

धरमपेठेतल्या त्या दुकानात हातभर उंचीची, पांढऱ्या चादरी घातलेली लांबलचक गादी आहे. तिच्यावर पुरुष विक्रेते मांडी घालून बसतात आणि साड्या उलगडतात. त्या गादीवर उभी राहणारी एकटी कामिनी. ठेंगणी, सावळी, पुढचा एक दात दुसऱ्यावर चढलेला. आपल्या साडीवरूनच कमरेला एक सुती दोरी बांधायची, नवी साडी तिच्यात खोचायची आणि बघता बघता निऱ्या पडायच्या. टाचणी नाही, आरसा नाही. मग ती गिऱ्हाइकाकडे एकवार बघायची आणि तिच्यासारखी उभी राहायची. शाळेतली मास्तरीण असली की मान ताठ, पदर घट्ट. नातवाच्या बारशाला निघालेली आजी असली की एक हात कमरेवर आणि पाठीला किंचित बाक. एकदा एका थोराड बाईसमोर ती पोट पुढं काढून अशी काही उभी राहिली की मला वाटलं, आज हिचं काम जातंय. ती बाई मात्र खळखळून हसली. "मीच दिसून राहिली वं हिच्यात!" म्हणाली आणि दोन साड्या घेऊन गेली.

"हे तुला शिकवलं कोणी?" मी तिला विचारलं होतं.

"कोन शिकवते ताई? मौद्याच्या बाजारात माय भाजी विकायची. गिऱ्हाईक गेलं का मी त्याची नक्कल करायची. माय आधी हासे, अन् मंग मारे."

त्या दुकानात तिला मीच नेलं होतं. २०१५ची गोष्ट. माझा कुठलासा सत्कार होता आणि नऊवारी नेसून जायचं ठरलं होतं. माझे हात तेव्हापासूनच थरथरू लागले होते. खालच्या मजल्यावर पोळ्या करायला येणारी कामिनी मदतीला वर आली. तिनं कासोटा असा बसवून दिला की त्या लुगड्यात मी तीन अंकी नाटक सहज निभावलं असतं. दुसऱ्याच आठवड्यात मी तिला मुकुंदशेठसमोर उभं केलं. शेठ जुने नाटकवेडे. "ताई, तुम्ही म्हनता तं ठेवून घेतो," म्हणाले आणि नोंदवही पुढं सरकवली.

कामिनीला लिहिता येत होतं, पण शेठसमोर तिनं हात पदराखाली लपवला. "तुम्हीच लिवा ना ताई." मी नाव लिहिलं, पांढराबोडीचा पत्ता लिहिला. पुढं फोन नंबरचा रकाना.

"यायचाच लिवा," ती म्हणाली. "माह्याजवळ कुठं आहे फोन?"

'यायचा' म्हणजे 'यांचा', तिच्या नवऱ्याचा, अंकुशचा. मी त्याचा नंबर लिहिला. माझ्या वळणदार अक्षरात, काही विचार न करता.

विचार मला तरी सुचायला हवा होता. आमच्या वेळी नाटकवाल्यांची विचारणा माझ्या थोरल्या भावाकडे यायची. दादा बैठकीत बोलत, मला स्वयंपाकघरात कळे. एकदा एका मोठ्या नाटकातली मुख्य भूमिका मला चालून आली होती आणि दादांनी परस्पर नाही म्हणून सांगितलं होतं. मला ते चार वर्षांनी कळलं, तेही रंगपटात, दुसऱ्या एका नटीच्या तोंडून. एवढं सोसून मी त्या रकान्यात दुसऱ्याचा नंबर लिहिला. सवय फार खोल असते.

पाच वर्षं कामिनी त्या गादीवर उभी राहिली. पोळ्यांची कामं तिनं सोडली. दिवाळीला दुकानाची साडी मिळायची ती मला दाखवायला आणायची. अंकुश एका ट्रॅव्हल्सची गाडी चालवायचा. पर्यटक घेऊन ताडोबाला, पचमढीला. मुलगी नूपुर शाळेत जात होती. दोघं कमावती, घर बरं चाललं होतं.

मग ते वर्ष आलं. मार्चमध्ये सगळं बंद झालं तेव्हा दुकानात लग्नसराईचा माल नुकताच येऊन पडला होता. अंकुशच्या मालकानं गाड्या एका ओळीत उभ्या करून किल्ल्या काढून घेतल्या. जूनमध्ये दुकान अर्धं उघडलं. शेठनं गादीवरच्या पुरुषांना बोलावून सांगितलं, गाड्या काढा, पार्सलं घरोघरी पोचवा. त्यांच्याकडे मोटरसायकली होत्या. दुकानात बाया तीन होत्या. एक कामिनी, एक फॉल-पिको करणारी, एक झाडलोट आणि चहा बघणारी. त्यांना निरोप गेला, की सध्या घरीच राहा. साडी अंगाला लावून दाखवायची सोय उरली नव्हती, आणि मोटरसायकल तिघींपैकी एकीलाही चालवता येत नव्हती.

ती पुन्हा पोळ्यांची कामं मागायला आमच्या फ्लॅट स्कीमच्या फाटकावर आली. फाटकावर पाटी होती, कामवाल्या बायांना प्रवेश बंद. तिच्यासमोर गॅसवाला आत गेला, इंटरनेटची वायर जोडणारा आत गेला, पाण्याचे कॅन घेऊन एक जण आत गेला. मी गॅलरीतून ओरडून पाहिलं, सोसायटीच्या सेक्रेटरीशी भांडले. माझा खणखणीत आवाज पार ट्रॅफिक पार्कापर्यंत गेला असेल. उपयोग झाला नाही. कामिनी खालून म्हणाली, "राहू द्या ताई, तुमाले खोकला लागंन," आणि मास्क नीट करून उन्हात चालती झाली.

त्या दिवाळीच्या आधी माझ्या दारात मोटरसायकल थांबली. अंकुश! हातात मुकुंदशेठच्या दुकानाची पिशवी. भाचीनं माझ्यासाठी साडी पाठवली होती.

"अरे, तू इथे?"

"शेठकडं लागलो ना ताई. पार्सल वाटून राहिलो. मोटरसायकल साळ्याची आणली." तो हसला, पण माझ्याकडे न बघता पिशवी दारात ठेवून भरकन निघून गेला. तो अंतर ठेवत असेल, असं मी समजले.

पुढं कामिनी भेटली तेव्हा भरभरून सांगत होती. "शेठनं स्वतः फोन केला ताई. हे तं दारातच बसून राहत होते दिवसभर. हातात आधीच्या एका गाडीची राहून गेलेली चावी, नुसती फिरवत. जेवत नव्हते. आता जेवतात."

"आणि तू?"

"माह्यं काय. शाळा उघडली का जाईन मी. सध्या नूपुरचा अभ्यास फोनवर, फोन एकच, अन् तो बी घरी आला तं."

दुसरी लाट आली आणि गेली. तिनं काय काय नेलं ते इथं लिहीत नाही. त्या वर्षीच्या थंडीत भाचीच्या मुलीचं लग्न ठरलं आणि पावणेदोन वर्षांनी मी मुकुंदशेठच्या दुकानाची पायरी चढले. गादीवर दिव्यांची गोल कडी लावलेला मोबाइल उभा होता. त्याच्यासमोर बाविशीतली एक गोरटेली मुलगी साडी नेसून गिरक्या घेत होती आणि मोबाइलला सांगत होती, "हा बघा मैत्रिणींनो, रामा ग्रीन!"

"ही मयुरा," शेठ म्हणाले. "आता अर्धी विक्री व्हिडिओवर आहे ताई. मुंबई, पुणे, पार अमेरिकेतून ऑर्डरी येते."

मी म्हणाले, "हे तर कामिनीचं काम. तिला नाही बोलावलंत?"

"अरे ताई, सबसे पहले तिलेच! व्हिडिओचं डोक्यात आलं न, तं पहिला फोन तिलेच केला. दिवाळीच्या आधी, मागच्या साली. नवऱ्यानं उचलला. म्हने, घरी लेकरू आहे, तिचं नाही जमत. म्हने, माह्याकडं गाडी आहे, मीच येतो. मले बी मानूस पाहिजेच होता पार्सलले. मंग दोन-तीन महिने वाट पाहून हिले घेतलं."

मी खुर्चीवर बसले. शेठनं पाणी मागवलं. त्यांना वाटलं, चढून आल्यामुळे दम लागला.

घरी येईपर्यंत माझ्या डोळ्यांपुढं तो रकाना होता आणि त्यातलं माझं अक्षर. तिला सांगायचं की नाही? नाटकात असलं गुपित फोडायला एक पत्र पुरतं. इथं एका घरातली तीन माणसं होती, आणि त्यातलं एक आठ-नऊ वर्षांचं. पण मी दादांना आठवलं. चार वर्षं मला कोणी सांगितलं नाही, याचा राग मला दादांपेक्षा जास्त त्या न सांगणाऱ्यांचा आला होता.

तोवर फाटकावरची पाटी निघाली होती आणि कामिनी माझ्यासह चार घरी पोळ्या करत होती. दुसऱ्या दिवशी ती कणीक मळायला बसली तेव्हा मी समोर स्टुलावर बसले. मी प्रस्तावना फार लांबवली असावी.

"ताई, सांगा ना सरळ. कोनी गेलं का?"

मी सांगितलं. शेठ, फोन, अंकुशचं उत्तर, सगळं. तिचा हात थांबला नाही. कणकेला पाण्याचा एक हबका मारला आणि म्हणाली, "मले माहीत आहे."

"काय?"

"फोन आला तवा नूपुरचा क्लास चालू होता. फोन तिच्याच हातात. तिनं बापाले नेऊन देला अन् बाजूले उभी राहिली, क्लास कटला म्हणून. सगळं आयकलं तिनं. सांजच्याले मले म्हने, आई, तुले साडी नेसायले बोलावलं होतं, पप्पा नाही म्हणाले."

"म्हणजे तेव्हापासून? आणि मला सांगत होतीस, शेठनं यांना स्वतः फोन केला!"

"तं काय सांगू? माह्या नवऱ्यानं माह्यं काम घेतलं म्हणून?" पहिल्यांदाच तिचा आवाज चढला. मग तिनंच तो खाली आणला. "ताई, तुमी त्याले तवा पाह्यलं नाही. एक दिवस टीव्हीचा रिमोट भिंतीवर फेकून मारला, नूपुर हासली म्हणून. मी सकाळी साडी नेसून कामाले चालली असती अन् तो दारात चावी फिरवत बसला असता, तं त्या घरात राहणं झालं असतं का माह्यं?"

"पण तो खोटं बोलला गं."

"खोटं कुठं? लेकरू होतंच ना घरी."

"लेकरू त्याचंही होतं."

कामिनी फिसकन हसली. "हे तुमी नाटकात म्हनत होत्या का? टाळ्या पडत असंन."

मलाही हसू आलं. हसता हसता तिनं मनगटानं डोळे पुसले. कणकेचा एक पट्टा गालावर तसाच राहिला.

"म्या म्हटलं, दोन महिने," ती पुढं म्हणाली. "दोन महिन्यांनी शाळा उघडते, मी जाईन. शाळा उघडलीच नाही. मंग ती पोरगी आली. दोन महिने म्हणता म्हणता वरीस होऊन गेलं." तिनं गोळे करायला घेतले. "अन् आता सांगू का ताई? हे चालले पार्सल सोडून. गाड्या सुरू झाल्या. खापरखेड्याच्या पॉवर स्टेशनची शिफ्टची गाडी भेटली. सोमवारपासून."

"म्हणजे त्याला त्याचं काम परत मिळालं."

"हो." तिनं पोळपाट पुढं ओढला. "त्याले भेटलं."

त्या पोळीला तिनं इतकं लाटलं की ती पोळपाटाबाहेर गेली. मग ती एकदम म्हणाली, "ताई, तुमच्याजवळ जुना फोन आहे ना, बटनाचा? तो मले द्याल?"

मी तो दिलाच, आणि कार्डही तिच्या नावावर घेऊन दिलं. दुकानात जायचं ठरलं त्या दिवशी आम्ही ऑटोनं निघालो. चालत दहा मिनिटांचा रस्ता, पण माझे गुडघे. ऑटोत ती पुटपुटत होती. मला वाटलं, देवाचं नाव घेते आहे. ऐकलं तर तिचा नंबर. दहा आकडे, पुन्हा पुन्हा.

"सातव्या आकड्यावर अडकतेस," मी म्हणाले. "पहिले पाच एका श्वासात घे, मग थांब, मग उरलेले."

"तुमच्या संगं राहून मी बी नाटकवाली झाली," ती म्हणाली, आणि पुढच्या वेळी अडकली नाही.

दुकानात गर्दी होती. शेठनं हातानंच बसा म्हणून सांगितलं. गादीवर मयुरा नऊवारीशी झटापट करत होती. लग्नसराई तोंडावर, मोबाइल चालू करायचा होता आणि कासोटा बसत नव्हता. कामिनी थोडा वेळ बघत राहिली. मग चपला काढून गादीवर चढली, मयुराच्या मागं गेली आणि गुडघ्यावर बसून तिनं कासोट्याची घडी सोडवली. बोटभर ओढली, पुन्हा खोचली.

"आता चालून पाय."

मयुरा चालली. "अय्या! काकू, मले शिकवा ना हे."

"काकू नको म्हनू वं," कामिनी म्हणाली. "अन् श्वास सोडून खोच, ओढून नाही."

गिऱ्हाइकं बघत होती. शेठही बघत होते. कामिनी गादीवरून खाली उतरली नाही. वरूनच बोलली, "सेठ, मी कामाले आली."

शेठनं चष्मा काढला. माणूस वाईट नव्हता, हे मला आजही म्हणावं लागतं. "कामिनी, मी फोन केला होता न वं तुह्या नवऱ्याले. घरून नाही म्हणून आलं."

"मी नाही म्हटलं नाही सेठ. मले विचारलं कोनी?"

शेठ माझ्याकडे बघू लागले, जणू हे संवाद मीच लिहून दिले होते. "आता पाय, गादीवर हे पोरगी आहे. तिले कॅमेऱ्याचं जमते. दोघी दोघी कशा ठेवू? हां, लगीनसराईत नवरीच्या घरी जाऊन नेसवून द्यायचं काम येते. फोन करीन तसा. त्या दिवसापुरतं."

"अन् गादी?"

"पुढं पाहू."

कामिनी खाली उतरली. चपला घालायला तिला जरा वेळ लागला. मी बोलायला तोंड उघडलं होतं, तिची या गादीवरची पाच वर्षं, काय काय मनात आलं होतं. तिनं माझ्या हाताला हलकेच हात लावला आणि मला गप्प केलं. माझ्या आयुष्यात दिग्दर्शकांनासुद्धा हे जमलं नाही.

"लिवा मंग," ती शेठना म्हणाली.

शेठनं तीच जुनी नोंदवही काढली, पान शोधलं. "नंबर तं आहे न तुह्या. हा आपल्या अंकुशचा."

"माह्या वेगळा आहे." आणि तिनं तो म्हटला. पहिले पाच एका श्वासात, मग थांबून उरलेले. दुकानाच्या टोकापर्यंत ऐकू गेलं.

शेठनं माझ्या अक्षराखाली दाटीवाटीनं तो लिहिला आणि वही मिटायला घेतली.

"वरचा खोडा," कामिनी म्हणाली.

"राहू दे ना. कधी लागला नाही तुह्या, तं..."

"खोडा, सेठ."

शेठनं पेन उघडलं आणि एक आडवी रेघ मारली. कामिनीनं मान वाकवून ती बघितली. मीही बघितली.

याला आता बराच काळ लोटला. मयुराचं लग्न झालं आणि ती हैदराबादला गेली. गादीवर दुसरी एक मुलगी आली, तिला कामिनी शिकवून आली. एका सीझनला तिला नेसवायला पाच नवऱ्या मिळाल्या, पुढच्या सीझनला दोन. शेठ 'पुढं पाहू' म्हणतात आणि मनापासून म्हणतात. अंकुश खापरखेड्याची गाडी चालवतो. त्या फोनबद्दल घरात कोणी काही बोलत नाही. नव्या नंबराबद्दल त्यानं एकदाच विचारलं होतं, काहून घेतला म्हणून. "लागते," कामिनी म्हणाली. त्यानंतर दोन दिवस तो तिच्याशी बोलला नाही.

फोन ती कापडी पिशवीत घालून गळ्यात अडकवते. माझ्या स्वयंपाकघरात आली की काढून मिसळणाच्या डब्यावर ठेवते, हाताशी. बटनांच्या फटींत पीठ गेलं आहे.

परवा तो वाजला. तुळशीची लग्नं लागून गेली होती, मुहूर्तांचे दिवस होते. कामिनीचे दोन्ही हात कणकेत. तिनं ते पदराला पुसलेही नाहीत, तसाच उचलला आणि ताठ उभी राहिली.

"हॅलो. मी कामिनी बोलते."

मी पेपर बाजूला ठेवला. पलीकडून कोणीतरी बोलत होतं. तिचे खांदे हळूहळू खाली आले.

"फळीवर आहे. निळ्या झाकनाच्या डब्यामागं... हो. मी कामावर आहे." तिनं फोन पुन्हा डब्यावर ठेवला. नीट, स्क्रीन वर करून.

"शेठ?" मी विचारलं.

"नाही. हेच. नूपुरची वॉटरबॅग सापडून नाही राहिली म्हने."

तिनं फोनवरचं पीठ पुसलं आणि लाटणं हातात घेतलं.